लाल वाटाण्याच्या डब्याचं झाकण

मंगळवार, तेरा मे. हजर: मी, आमचे हे, शेडच्या दाराशी उजेडात आखणी करत बसलेले, मुलगी, सुट्टीवर आलेली म्हणून पंख्याखाली, आणि मावशी, ज्या माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्याकडे मूर्तींवर खडे लावतात. गैरहजर कोणी नाही. वीज होती.

तारीख आणि हजेरी आधी लिहायची ही माझी सवय घरात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहे. पण त्या दिवशी डब्याच्या झाकणावर जो खडा सापडला, त्याच्याबद्दल नंतर प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं, तेव्हा माझंच पान उघडावं लागलं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण मला कोडी घालायला आवडत नाहीत. त्या खड्यापायी एका भावाचं आणि बहिणीचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. ते माझ्यामुळे बंद झालं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आमची शेड पेणला. कच्च्या मूर्ती हमरापूरहून येतात, रंग, आखणी आणि खडे आमच्याकडे होतात. आखणी म्हणजे डोळे. ते काम ह्यांचं. खडे म्हणजे मुकुटावर, बाजूबंदावर, सोंडेवर लावायची रंगीत काच. ती पाकिटाने येते आणि डब्यांत भरली जाते. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून मी पहिल्या वर्षीच पाहिलं. रंगाचे हात लागून आठवड्यात चिठ्ठ्या वाचता येईनाशा झाल्या, आणि खडे लावणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना त्या तशाही वाचता येत नव्हत्या. म्हणून आमच्याकडे पूर्वीपासून चालत आलेली पद्धतच चालू ठेवली: डब्यात ज्या जातीचा खडा, त्यातलाच एक झाकणावर चिकटवायचा. आकाराला नावं धान्याची. हिरवा मूग, पांढरा तांदूळ, लाल मसूर, लाल वाटाणा.

मे महिन्यात सगळे डबे उतरवून झाकणं थिनरने पुसायची, हे माझ्या यादीत पाच नंबरला असतं, पण गेली कित्येक वर्षं ते राहून गेलं होतं. मावशी पुसत होत्या, मी मोजत होते. काचेच्या खड्याला मागून चंदेरी मुलामा असतो, त्याने तो चमकतो. आमच्या खाडीच्या हवेत तो मुलामा दोन-तीन वर्षांत काळा पडतो. त्यामुळे जुन्या झाकणांवरचे खडे सगळे मेलेल्या डोळ्यांसारखे. मावशींनी लाल वाटाण्याचं झाकण पुसलं, पुन्हा पुसलं आणि उन्हात धरलं.

"वयनी, यो बग."

"काय झालं?"

"बाकीचे सगले काले परले. यो कसा लाल हाय? आनि ह्याला पाठ नाय गो."

पाठ म्हणजे तो मुलामा. मी पाहिलं. खरंच नव्हता. खडा झाकणावर सपाट बसलेलाही नव्हता, लांबीचा, म्हणजे पुटीचा, एक जाड गोळा करून त्यात रोवला होता. ती लांबी मी पटाशीने काढली. खाली खडा निमुळता होता. काचेचे खडे खालून सपाट असतात, नाहीतर ते मूर्तीवर बसतील कसे?

मुलीने तो घेऊन फुटक्या आरशाच्या तुकड्यावर ओढला. बारीक रेघ उठली.

"बाबा, हा आरसा कापतोय."

"पुढची मूर्ती कापू नकोस म्हणजे झालं," हे म्हणाले. आखणीवरून मान वर केली नाही.

मी मावशींना विचारलं, हा खडा झाकणावर कोणी लावला?

"मीच लावला व्हता. गनपती गेल्यावर झारताना त्या कपाटाखाली गावला. म्हटला, लाल वाटान्याच्या झाकनाचा परला असंल. झाकन उघराच व्हता. लावून टाकला."

"कधी?"

"तवा तुमची पोर शालंत जात व्हती. मना वरस काय म्हाईत. वरस तू लिवतं ना."

वर्ष मी लिहिते. ते खरं होतं, आणि त्याच क्षणी मला शंका आली होती, हेही खरं. पण शंका लिहायला माझ्या वहीत रकाना नाही, म्हणून मी गप्प राहिले. अकरा दिवस गप्प राहिले.

त्या अकरा दिवसांत एवढं झालं. पेणमधल्या आमच्या ओळखीच्या सराफाने भिंग लावून खडा पाहिला, मग पुन्हा पाहिला, आणि दुकानातला पोह्यांचा डबा बंद करून बाजूला ठेवला. तो माणूस खाताना कधी थांबत नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. त्याने मुंबईतल्या एका तपासणीच्या ठिकाणचा पत्ता दिला. मुलगी घेऊन गेली. कागद आला: माणिक, नैसर्गिक, तापवलेलं नाही, रंग उत्तम. सराफ म्हणाला, असा दाणा तो वर्षानुवर्षं बघत नाही. त्याने जो आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही. ऐकल्यावर हे खाली बसले, एवढं पुरे.

संध्याकाळी शेडमध्ये चहा झाला. प्रत्येकाने मागणी नोंदवली. ह्यांना शेडवर नवं छप्पर हवं होतं, कारण गेल्या वर्षी एकवीस मूर्ती गळतीत भिजल्या होत्या. मुलीला रंगाची वाफ बाहेर ओढणारा मोठा पंखा बसवायचा होता.

"मावशी, तुम्हाला काय?" मुलीने विचारलं.

"मना बसाया खुर्ची दे. पाठ टेकायची. त्या खड्याला नव्हती, मना तरी असू दे."

हे हसले. मग म्हणाले, "सराफ विचारत होता, खडा आला कुठून. विकताना सांगावं लागेल. तुझ्या वहीत बघ, कुठल्या पाकिटातून आला असेल."

मी वही आणायला उठले. कुठली वही काढायची ते मला माहीत होतं.

माझ्या वहीत प्रत्येक कामापुढे दोन चौकोन असतात. पहिला केलं, दुसरा सांगितलं. कारण आमच्या धंद्यात काम होतं, पण ज्याला सांगायचं त्याला ते सांगितलेलं नसतं, आणि मग तो टेम्पो घेऊन आदल्या दिवशी दारात उभा राहतो. नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत, चतुर्थीच्या आदल्या दिवशीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: रोहा, सर. कपाळाचा खडा हरवला. लाल वाटाणा लावला. पहिल्या चौकोनात खूण होती. दुसरा रिकामा होता.

पान ह्यांच्यापुढे ठेवलं.

रोह्याचे सर म्हणजे निवृत्त शिक्षक, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या घरची एक रीत आहे. त्यांच्या आईच्या अंगठीतला एक लाल खडा दरवर्षी मूर्तीच्या कपाळावर बसवायचा, पाचव्या दिवशी विसर्जनाच्या आधी अडकित्त्याच्या टोकाने काढायचा आणि कुंकवाच्या करंड्यात कापसावर ठेवायचा. पुढच्या वर्षी मूर्ती सांगायला येताना करंडा आमच्याकडे. अंगठी कधीतरी अडचणीत मोडली होती. तेव्हा सराफाने सोनं वजनाला घेतलं आणि खडा काढून परत दिला होता, कारण सोन्याच्या वजनात दगड धरत नाहीत. त्यामुळे घरात सगळे त्याला काचच समजत. आईचं बोट लागलेली काच, म्हणून तो देवाच्या कपाळी. आम्ही त्याच्यासाठी कपाळावर आधीच बारीक घर कोरून ठेवतो.

त्या वर्षी आदल्या दिवशी मी करंडा उघडला, खडा ताटलीत ठेवला, तेवढ्यात कोणीतरी पाट ओढला आणि ताटली पडली. मी तासभर एकटीच जमीन चाचपली, कोणाला न सांगता. शेडमध्ये सत्तर माणसं, सगळ्यांना त्याच दिवशी मूर्ती न्यायची. सर आणि त्यांची धाकटी बहीण दुपारच्या गाडीने येणार होते. दोघं दरवर्षी बरोबर यायचे. बहिणीचं सासर निडीचं, रोह्याच्या अलीकडचं स्टेशन, तिथे ती गाडीत चढायची. मी लाल वाटाण्याच्या डब्यातून एक खडा काढला, घरात लांबी भरली आणि बसवला.

सर म्हणाले, "छान बसलाय हो या वर्षी."

मी म्हणाले, "हो."

बहीण मूर्तीकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मला वाटलं, आखणी आवडली.

पुढच्या वर्षापासून सर एकटे येऊ लागले. मी ऑर्डरच्या पानावर 'माणसं: एक' असं लिहीत गेले. एकदा विचारलंही. ते म्हणाले, "ती येत नाही आता." मी पुढे विचारलं नाही. मधल्या काळात काच काळवंडली. "वय झालं त्याचं, आमच्यासारखं," असं म्हणून सर करंडा पुढे करायचे. मी दोनदा डब्यातला नवा लाल वाटाणा लावला, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "चांगला घासून दिलात."

ह्यांनी पान वाचलं.

"मला कसं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही आखणीला बसला होतात. आखणीच्या वेळी बोलायचं नाही, तुमचाच नियम."

"आखणी नऊ वर्षं चालली होती?"

मी वही मिटली.

मुलगी म्हणाली, "त्यांना तर ती काचच वाटते ना? आणि काच त्यांच्याकडे आहे." मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मी फक्त म्हणून बघितलं."

"छप्पर गळतंय ते गळतंय," हे म्हणाले. "नेऊन दे. पण तू जा. मी येणार नाही."

सोमवारी मी पेणहून रोह्याची गाडी धरली. खडा साबणाच्या नव्या डबीत, डबी पिशवीत, पिशवी मांडीवर, तिच्यावर ती वही. काय बोलायचं ते चार वाक्यांत लिहून घेतलं होतं. कासूला एक खोडलं, नागोठण्याला दुसरं. निडीला गाडी थांबली तेव्हा दोनच उरली होती: खडा मी हरवला होता. तुम्हाला सांगितलं नाही.

सरांच्या घरी दोघंच होती, सर आणि बाई, त्यांच्या पत्नी. वारा केमिकलच्या कंपन्यांकडून होता म्हणून खिडक्या लावलेल्या. बाईंनी कोकम सरबत दिलं. मी ग्लास खाली ठेवून दोन्ही वाक्यं बोलले, वही उघडून दिली, कागद दिला आणि डबी उघडली.

सरांनी आधी वही वाचली. खड्याकडे बघितलंच नाही.

"लाल वाटाणा म्हणजे?"

"काच. त्या आकाराची."

"आणि घासून दिलात ते?"

"दुसऱ्या काचा. दोन."

"म्हणजे तीन."

"तीन."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते, पेणला एकदा विचारा."

"काय विचारायचं? नऊ वर्षांचा संबंध आहे का त्यांचा नि आपला? वडलांपासूनचा आहे." सर माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकायला जड गेलं. "त्या वर्षी मूर्ती घरी आणली. आरतीच्या आधी बहीण म्हणाली, दादा, हा आईचा खडा नाही. लहानपणी ती तो दिव्यासमोर धरून त्यातून बघायची. म्हणाली, त्याच्यातून आरपार दिसायचं, याला मागून चंदेरी आहे. मी म्हणालो, पेणच्या माणसांनी बसवलाय, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. ती म्हणाली, मग तू विकलास का? झालं. गौरी यायच्या होत्या, तरी ती दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने निडीला गेली. तेव्हापासून इथे पाऊल नाही."

"ते 'विकलास का' तिने रागात म्हटलं," बाई म्हणाल्या.

"आणि मी काय म्हटलं ते सांग."

"तुम्हीच सांगा."

"मी म्हटलं, विकायला ती काच होती काय मोठी."

मी सरबत संपवलं, कारण ग्लास समोर होता.

मग सरांनी खडा उचलला आणि ट्यूबलाइटकडे धरला. एक डोळा मिटला. थोड्या वेळाने त्यांनी तो परत डबीत ठेवला, झाकण लावलं आणि डबी माझ्या बाजूला सरकवली.

"सर, तो तुमचा आहे."

"आमचा आहे. आमचा दोघांचा. आता विचार करा. मी हा घेऊन निडीला तिच्या दारात गेलो, आणि म्हटलं की आईचा खडा सापडला, आणि तो इतक्या किमतीचा आहे. तर ती काय म्हणेल?"

"विकलेला परत आणला," बाई म्हणाल्या.

"नाहीतर, लपवलेला बाहेर काढला. माझ्या बोलण्यावर ती विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा? मी तिच्यावर ठेवला नव्हता." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "या पानावर ठेवेल. पण पान मी दाखवून उपयोग नाही. ज्याने लिहिलं त्याने दाखवायचं. तोवर खडा तुमच्याकडेच राहू द्या. तिने हातात घेतल्याशिवाय मी घेणार नाही."

"सर, माझं चुकलं."

"ते तिला सांगा," सर म्हणाले. मग जरा थांबून, "मलाही सांगितलंत, ते बरं झालं. पण आधी तिला सांगायला हवं होतंत. गाडी निडीवरूनच आली ना तुमची?"

बाईंनी निघताना मला हळदीकुंकू लावलं आणि पिशवीत चार आंबे घातले. दारात हळूच म्हणाल्या, "हे दरवर्षी पाचव्या दिवशी खडा काढताना तिचं नाव घेतात. तिला तेवढं सांगा. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

परतीच्या गाडीने मी निडीला उतरले. उतरणारी मी एकटीच. घर सापडायला त्रास झाला नाही, पण दाराला कुलूप होतं. शेजारीण भाताचं बियाणं पाखडत होती. ती म्हणाली, "ती नाय हाय. लेकीच्या बालंतपनाला गेलीय. पुढच्या महिन्याच्या सरतीला येल. काय काम व्हता?"

"पेणहून आलेय. मूर्तीच्या शेडमधून."

"गनपतीचा? ती तर आता कागदाचा फोटू पुजते. मूर्ती नाय आनीत."

हे मला माहीत नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर एक आंबा खाल्ला.

घरी आल्यावर ह्यांनी फक्त डबीकडे बघितलं.

"परत आणलास?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत सरांची मूर्ती पुढे ओढून बसले आणि कपाळाचं घर कोरायला लागले. काचेपेक्षा खोल, निमुळतं. ते झाल्यावर म्हणाले, "लांबी भरू नकोस. आणि याची आखणीही मी बाकी ठेवतो. तुझं काम झालं की सांग."

मावशींनी लाल वाटाण्याच्या झाकणावर डब्यातलाच एक खडा लावला. दोन वर्षांत काळा पडेल, मग कळेल खरा आहे, असं म्हणाल्या. खुर्ची मात्र त्यांना मी दुसऱ्याच दिवशी आणून दिली, ते यादीतून गेलं.

आज जूनची सव्वीस तारीख. हजर: मी एकटी. निडीच्या शेजारणीने कळवलंय की सरांची बहीण काल आली. खडा कपाटात, वही पिशवीत, आणि करंडा, जो बाईंनी माणसाबरोबर पाठवून दिला, तोही पिशवीत. सरांच्या ऑर्डरच्या पानावर मूर्तीची उंची आहे, रंग आहे, नेण्याची तारीख आहे. 'माणसं' च्या पुढे मी अजून आकडा लिहिलेला नाही.

वरच्या ओळीत: निडी. खडा दाखवायचा, पान दाखवायचं, चूक कोणाची ते पहिल्या वाक्यात. दोन्ही चौकोन रिकामे आहेत. उद्या सकाळची गाडी.